व्हेंटिलेटरवर छाती किती हलायला हवी? उंदरांच्या फुप्फुसांनी दिलेले उत्तर

व्हेंटिलेटर जास्त हवा देतो म्हणजे रुग्णाला जास्त मदत होते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात गरजेपेक्षा जास्त ताणले गेलेले फुप्फुस व्हेंटिलेटरमुळेच जखमी होऊ शकते. हे प्रथम प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये दिसले आणि पुढे जगभरच्या अतिदक्षता विभागांतली उपचारपद्धती बदलली. उंदराच्या छातीची हालचाल मोजण्यात, तिची चित्रे घेण्यात शास्त्रज्ञांना एवढा रस का आहे, याविषयी...

कोपरगावच्या रुग्णांचा याच्याशी संबंध काय?

कोपरगाव हा गोदाकाठचा, उसाचा तालुका. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, इथले अनेक रुग्ण शिर्डी, लोणी, नाशिक किंवा अहिल्यानगरच्या रुग्णालयांत हलवावे लागले. तेव्हा 'व्हेंटिलेटर बेड आहे का?' हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. पण व्हेंटिलेटरची गरज केवळ करोनात लागते असे नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली, तर विषामुळे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा वेळी विषाचा परिणाम ओसरेपर्यंत यंत्राने श्वास द्यावा लागतो. कीटकनाशक पोटात गेलेल्या शेतकऱ्याचा श्वास अडखळला, तरी आधार व्हेंटिलेटरचाच असतो.

अतिदक्षता विभागाच्या काचेतून नातेवाईक काय पाहतात? यंत्राच्या तालावर वर-खाली होणारी छाती. ती जोरात हलली की 'श्वास चांगला चाललाय' असे वाटते. हलकीच हलली की काळजी वाटू लागते. डॉक्टरांनाही अनेक वर्षे साधारण असेच वाटत होते. हा समज चुकीचा असल्याचा पहिला ठोस पुरावा मिळाला तो उंदरांकडून.

व्हेंटिलेटर नेमके काय करतो?

आपण श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात, छातीची पोकळी मोठी होते आणि हवा आपोआप आत ओढली जाते. व्हेंटिलेटरचे काम उलट्या दिशेने चालते. श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून तो दाबाने हवा आत ढकलतो, लोहाराचा भाता भट्टीत हवा लोटतो तसे.

सुरुवातीची यंत्रे मात्र वेगळी होती. १९२८ मध्ये अमेरिकेत वापरात आलेल्या 'लोहफुप्फुसा'त रुग्णाचे डोके सोडून सारे शरीर एका बंद पिंपात ठेवले जाई. पिंपातील हवा कमी केली की छाती फुगे आणि हवा आत शिरे. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ही यंत्रे अपुरी पडली. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा देण्याचा मार्ग सुचवला. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र पिशव्या दाबत बसले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून मानली जाते.

पुढे पिशवीची जागा यंत्राने घेतली. मग प्रश्न आला, एका श्वासाला हवा किती द्यायची? निरोगी प्रौढ माणूस शांत बसला असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. व्हेंटिलेटरवर मात्र शरीराच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिलिटर, म्हणजे त्याहून बरीच जास्त हवा देण्याची पद्धत रूढ झाली. रक्तातला कर्बवायू नीट बाहेर पडावा आणि फुप्फुसाचे कोपरे मिटून राहू नयेत, हा त्यामागचा हेतू होता.

उंदरांमध्ये पहिल्यांदा काय दिसले?

१९७४ मध्ये वेब आणि टियर्नी या अमेरिकी संशोधकांनी निरोगी उंदरांना भूल देऊन व्हेंटिलेटरवर ठेवले. एका गटाला कमी दाबाने हवा दिली, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला खूप जास्त. तिसऱ्या गटातील दाब पाण्याच्या ४५ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा होता. या उंदरांची फुप्फुसे तासाभराच्या आत पाण्याने भरली आणि ते दगावले. त्यांना कोणताही आजार नव्हता. निरोगी फुप्फुस बिघडवले होते ते श्वास देण्याच्या पद्धतीनेच.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसात थोडा दाब शिल्लक ठेवला, म्हणजे ते पूर्ण मिटू दिले नाही, तर तेवढ्याच जोराच्या श्वासाने होणारे नुकसान खूपच कमी झाले. अतिदक्षता विभागातले डॉक्टर ज्याला 'पीप' म्हणतात, तो हाच शिल्लक दाब.

दोष दाबाचा की फुगण्याचा?

या प्रयोगानंतर प्रश्न उरला की, फुप्फुसाला इजा दाबामुळे होते की जास्त फुगल्यामुळे? दोन्ही गोष्टी एकत्रच घडतात, त्यामुळे त्या वेगळ्या करणे अवघड होते. पॅरिसमधील दिदिए द्रेफ्युस, जॉर्ज सोमॉं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्यावर साधी पण नेमकी युक्ती काढली.

त्यांनी उंदरांचे गट केले. एका गटाला मोठ्या दाबाने हवा दिली आणि छाती मोकळी सोडली. त्यांची छाती खूप फुगली. दुसऱ्या गटाला तेवढाच मोठा दाब दिला, पण छाती व पोटाभोवती पट्टे आवळले. त्यामुळे दाब तोच राहिला, मात्र छाती फारशी फुगू शकली नाही. तिसऱ्या गटाला लोहफुप्फुसासारख्या यंत्रात ठेवून बाहेरून ओढून छाती फुगवली. इथे श्वासनलिकेत मोठा दाब नव्हता, पण फुगणे पुरेपूर होते.

निकाल स्पष्ट होता. ज्या दोन गटांत छाती खूप फुगली, त्या दोन्ही गटांच्या फुप्फुसांत पाणी झाले. पट्टे आवळलेल्या उंदरांची फुप्फुसे मात्र वाचली. याचा अर्थ, नळीतल्या दाबापेक्षा फुप्फुस किती ताणले जाते हे महत्त्वाचे.

घरातले उदाहरण घ्यायचे तर, फुगा तांब्यात ठेवून फुगवला की तांब्या भरेपर्यंतच तो मोठा होतो. नंतर कितीही जोर लावला तरी त्याचे रबर आणखी ताणत नाही. तोच फुगा मोकळा फुगवला तर एका टप्प्यावर फुटतो. तुतारी वाजवणाऱ्याच्या श्वासमार्गातही मोठा दाब तयार होतो. पण त्याच वेळी छाती-पोटाचे स्नायू बाहेरून फुप्फुसाला आवळून धरत असल्याने ते जास्त ताणले जात नाही.

माणसांवरील उपचार कधी बदलले?

उंदरावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही. त्यामुळे माणसांवरील चाचणी गरजेची होती. 'एआरडीएस' हा आजार त्यासाठी महत्त्वाचा ठरला. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, मोठा अपघात अशा कारणांनी दोन्ही फुप्फुसांना सूज येते, वायुकोशांत पाणी भरते आणि रक्तातला प्राणवायू झपाट्याने घटतो. गंभीर करोनातही असेच होत होते.

अमेरिकेतील दहा विद्यापीठांच्या केंद्रांत असे ८६१ रुग्ण दोन गटांत विभागले गेले. एका गटाला दर किलोमागे १२ मिलिलिटरपासून सुरुवात करून, तर दुसऱ्याला ६ मिलिलिटरच्या आसपास हवा दिली गेली. २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त हवेच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, कमी हवेच्या गटात ३१ टक्के. म्हणजे साधारण दर ११-१२ रुग्णांमागे एक जीव जास्त वाचला. त्यासाठी नवे औषध लागले नाही की नवे यंत्रही. यंत्रावरचा एक आकडा कमी केला होता. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवण्यात आली.

उंदरांवरील पहिल्या प्रयोगापासून इथपर्यंत यायला २६ वर्षे लागली. कमी हवा दिली की रक्तात कर्बवायू वाढतो आणि तो वाढू देणे डॉक्टरांना धोक्याचे वाटत होते, हे त्याचे एक मोठे कारण. काही प्रमाणात वाढलेला कर्बवायू बहुतेक रुग्ण सहन करतात, पण ताणून जखमी झालेले फुप्फुस सावरणे कठीण असते, हे हळूहळू लक्षात आले.

बाहेरून छाती सारखी हलते, मग आत काय होते?

इथे छातीच्या चित्रांचा प्रश्न येतो. एआरडीएसमध्ये साध्या एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसे सगळीकडे सारखीच पांढरी दिसतात. १९८० च्या दशकात इटलीतील लुचानो गात्तिनोनी यांनी अशा रुग्णांचे सिटी स्कॅन केले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. उताण्या झोपलेल्या रुग्णाच्या फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मिटलेला होता, छातीकडचा थोडा भाग उघडा होता. प्रौढ माणसाच्या शरीरात काम करणारे फुप्फुस जणू लहान बाळाएवढेच उरले होते. त्यामुळे या अवस्थेला 'बेबी लंग' हे नाव पडले.

प्रौढाच्या मापाची हवा एवढ्याशा भागात गेली, तर तो भाग मर्यादेबाहेर ताणला जाणारच. आणखी एक धोका असतो. काही वायुकोश दर श्वासाला उघडतात आणि दर श्वासाला पुन्हा मिटतात. चिकटलेल्या ओल्या प्लास्टिक पिशवीची तोंडे पुन्हा पुन्हा सोडवावीत, तशी ही उघडझाप मिनिटाला वीसेक वेळा, तासन्तास चालते. त्यानेही फुप्फुसाला इजा होते. शिल्लक दाबाने उंदीर वाचले, त्याचे एक स्पष्टीकरण इथे मिळते.

करोनात रुग्णांना पालथे झोपवले जाई, त्यामागेही हेच तत्त्व होते. पालथे केल्यावर पाठीकडचा मिटलेला भाग उघडू लागतो आणि हवा जास्त समान वाटली जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधील संशोधकांच्या नेतृत्वाखालील ४६६ गंभीर रुग्णांच्या चाचणीत, पालथे ठेवलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १६ टक्के होते, तर उताण्या ठेवलेल्या गटात ३२.८ टक्के.

यापैकी काहीच काचेबाहेरून दिसत नाही. छातीचा पिंजरा एकसंध उचलला जातो. आतला कोणता भाग ताणला जातो आणि कोणता निपचित आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणूनच आतल्या हालचालीचे चित्र हवे.

उंदराच्या हलत्या छातीचे चित्र कसे घेतात?

हे काम वाटते त्याहून अवघड आहे. प्रयोगशाळेतला लहान उंदीर २०-३० ग्रॅमचा. त्याच्या एका श्वासात सुमारे पाव मिलिलिटरपर्यंत हवा मावते, म्हणजे चहाच्या चमच्याच्या विसाव्या भागाएवढी. तो मिनिटाला शंभराहून जास्त वेळा श्वास घेतो आणि हृदयाचे ठोके मिनिटाला पाचशेच्या घरात असतात. सूक्ष्म सिटी स्कॅनला एक पूर्ण चित्र मिळवायला शेकडो कोनांतून छायाचित्रे घ्यावी लागतात. तोवर उंदराचे कितीतरी श्वास होऊन जातात आणि चित्र धूसर येते.

यावर व्हेंटिलेटरच उपयोगी पडतो. उंदराला भूल देऊन, श्वासनलिकेत बारीक नळी घालून छोट्या व्हेंटिलेटरवर ठेवतात. आता प्रत्येक श्वास सारखा आणि ठरलेल्या वेळी येतो. यंत्र दर श्वासाच्या एकाच क्षणी एक्स-रेला इशारा देते. यात्रेतल्या आकाशपाळण्याचा एकच पाळणा दर फेरीत तळाशी आला की फोटो काढावा, तसे हे तंत्र आहे. पाळणा फिरत असतो, पण सगळ्या फोटोंत तो एकाच जागी दिसतो. श्वास पूर्ण घेतल्याच्या क्षणांची चित्रे एकत्र केली की फुगलेले फुप्फुस मिळते आणि सोडल्याच्या क्षणांची एकत्र केली की मिटलेले. दोन्हींची तुलना केली की कोणता भाग किती ताणला गेला, हे मोजता येते.

पुढची पायरी म्हणजे हालचालीचेच चलचित्र. जपानमधील ह्योगो प्रांतात 'स्प्रिंग-८' हा वर्तुळाकार कणत्वरक आहे. त्याचा घेर सुमारे १,४३६ मीटर आहे. त्यातून अत्यंत प्रखर एक्स-रे मिळतात. हवा आणि ऊती यांच्या सीमेवरून जाताना हे किरण किंचित वळतात. फुप्फुसात अशा सीमा असंख्य असल्याने चित्रात बारीक ठिपक्यांची नक्षी उमटते. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे उंदरांच्या फुप्फुसांतल्या या ठिपक्यांचा एका चित्रातून दुसऱ्या चित्रात माग काढला.

वारीचे ड्रोनने काढलेले चित्रीकरण आठवले तर हे समजायला सोपे जाईल. वरून माणसे ओळखू येत नाहीत, नुसत्या पांढऱ्या टोप्या दिसतात. पण त्या कुठे पांगतात, कुठे दाटतात आणि कुठे थबकतात यावरून गर्दी कशी सरकते हे कळते. फुप्फुसातले ठिपके पांगले की तो भाग फुगतो आहे. जागचे हलले नाहीत की तिथे हवा पोहोचत नाही. आजारी उंदरांमध्ये नेमका कोणता भाग नीट हलत नाही, हे यातून दाखवता आले.

याचा उपयोग दवाखान्यापर्यंत पोहोचला का?

काही अंशी, होय. मोनाश विद्यापीठातील या कामाशी जोडलेले अँड्रियास फोरास यांनी पुढे कंपनी काढून माणसांच्या छातीच्या साध्या एक्स-रे चित्रीकरणातून फुप्फुसाच्या भागाभागांतली हवा मोजणारी संगणकप्रणाली तयार केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला २०२० मध्ये मान्यता दिली.

दुसरे तंत्र आणखी सुटसुटीत आहे. छातीभोवती विद्युतस्पर्शकांचा पट्टा बांधून जाणवणारही नाही इतका सौम्य प्रवाह सोडतात. हवेने भरलेल्या भागातून वीज कमी वाहते, त्यावरून कुठे हवा गेली याचे चित्र खाटेशेजारच्या पडद्यावर दिसते. त्यात एक्स-रे नाहीत आणि रुग्णाला हलवावेही लागत नाही.

भारतातही लहान प्राण्यांच्या शरीरातील चित्रे घेण्याची सोय आहे. नवी मुंबईतील खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' संस्थेत ती मुख्यतः कर्करोग संशोधनासाठी वापरली जाते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील 'इंडस-२' या कणत्वरकावर एक्स-रे प्रतिमांकनासाठी स्वतंत्र किरणवाहिनी आहे.

उंदरांवर प्रयोग करणे योग्य आहे का?

वेब-टियर्नी यांच्या प्रयोगात उंदीर दगावले, ही वस्तुस्थिती आहे. आज असे प्रयोग कोणालाही वाटेल तसे करता येत नाहीत. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि प्राण्यांवरील प्रयोगांबाबतचे १९९८ चे नियम लागू आहेत. संस्थेची प्राणी नैतिकता समिती असावी लागते. किती प्राणी, कशासाठी, भूल कोणती, याचे उत्तर तिला आधी द्यावे लागते. कोपरगावसारख्या ठिकाणच्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही हे नियम अभ्यासावे लागतात. पर्याय असेल तर प्राणी वापरू नये, वापरलेच तर कमीत कमी वापरावेत आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात, ही १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे आता जगभर मान्य आहेत.

चित्रे घेण्याच्या तंत्राने यात फरक पडतो. पूर्वी फुप्फुसात काय झाले हे पाहायला प्राण्याला मारून फुप्फुस काढावे लागे, वजन करावे लागे. आता एकाच उंदराची चित्रे पुन्हा पुन्हा घेता येतात. त्यामुळे कमी प्राण्यांत काम भागते.

मर्यादाही आहेत. उंदराची छाती माणसापेक्षा खूप लवचीक असते. द्रेफ्युस यांच्या प्रयोगात उंदरांना दर किलोमागे सुमारे ४० मिलिलिटर हवा दिली होती, इतकी माणसाला देत नाहीत. उंदरांचे प्रयोग बहुधा काही तासांचे असतात, रुग्ण मात्र अनेक दिवस यंत्रावर असतो. उंदराने धोक्याची दिशा दाखवली. माणसासाठी योग्य आकडा माणसांवरील चाचणीनेच ठरवला.

नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

एक, व्हेंटिलेटरवरील हवेचे माप रुग्णाच्या वजनावर नव्हे, तर उंचीवर ठरते. माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुप्फुस वाढत नाही. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे वजन ६० किलो असो वा ९०, हिशेबासाठी ते सुमारे ६६ किलो धरतात. दर किलोमागे ६ मिलिलिटरने त्याला एका श्वासात सुमारे ३९६ मिलिलिटर हवा मिळते. १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी हाच आकडा सुमारे २६० मिलिलिटर येतो. म्हणून बेशुद्ध रुग्णाची उंची टेपने मोजणारी परिचारिका वेळ घालवत नसते. रुग्णाची नेमकी उंची ठाऊक असेल, तर ती आपणहून सांगावी.

दोन, छाती हलकी हलते म्हणून 'हवा वाढवा' असा आग्रह धरू नये. शेजारच्या खाटेवरील रुग्णाशी तुलनाही करू नये. मण्यार चावलेल्याचे फुप्फुस निरोगी असते, न्यूमोनियाच्या रुग्णाचे नसते. दोघांची मापे आणि धोके वेगळे असतात.

तीन, छातीची हालचाल डॉक्टर पाहतातच, पण कारण वेगळे असते. एकच बाजू हलत असेल, तर नळी जास्त खोल जाऊन एकाच, बहुधा उजव्या, फुप्फुसात शिरली असू शकते किंवा फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असू शकते. नातेवाइकाला असा फरक दिसला, तर तो लगेच सांगणे योग्यच.

व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही. औषध लागू पडेपर्यंत, विष उतरेपर्यंत तो वेळ मिळवून देतो. तेवढ्या वेळात त्याने स्वतः इजा करू नये, यासाठी काचेपलीकडची ती छाती हलकीच हलत ठेवलेली असते.